सव्वाचौदा फुटांचा कर्णा

वजनमापे निरीक्षकाने युद्धाच्या भानगडीत पडू नये, असं नोकरीच्या नियमांत कुठेही लिहिलेलं नाही. निरीक्षकांनी ते नियम दोनदा वाचून पाहिले होते. सरकारी माणसाने दुकान काढू नये, निवडणुकीला उभं राहू नये, हे त्यात होतं. पण अडीच हजार वर्षांपूर्वी एका टेकडीवरच्या शहराला पडलेल्या वेढ्यावर बावीस मिनिटांची संगीतरचना लिहू नये, असं काही नव्हतं. तेव्हा त्यांनी ती लिहिली, आणि पुढचं सगळं झालं.

दिवसभर निरीक्षक दुकानादुकानांतून तराजू तपासत हिंडायचे. किलोचं वजन किलोभरच आहे ना, लिटरच्या मापात लिटरच मावतं ना, हे बघण्यात त्यांची सव्वीस वर्षं गेली होती. संध्याकाळी घरी आले की जेवणाच्या टेबलावर पाच-पाच रेघांचे कागद पसरून ते व्हायोलिनं, चेलो, बासऱ्या आणि ढोल कामाला लावायचे. त्यांचं संगीत शास्त्रीयच, पण नव्या धर्तीचं होतं. म्हणजे ऐकणारा मान डोलवायला जातो आणि नेमकी कुठे डोलवावी हे न कळून मध्येच थांबतो, त्यातलं. निरीक्षकांची बायको रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होती आणि पुरेसा नमुना हाती आल्याशिवाय मत द्यायचं नाही अशी तिची सवय होती. तिने पहिली चार पानं की-बोर्डवर नीट ऐकून घेतली आणि विचारलं, "अहो, हे बिघडलंय, की असंच आहे?"

"असंच आहे."

"मग हरकत नाही. मला वाटलं, की-बोर्ड दुरुस्तीला टाकावा लागतोय."

युद्ध हे निमित्त होतं. खरी काळजी बाबांची होती. निरीक्षकांचे वडील गावच्या शाळेत चौतीस वर्षं इतिहास शिकवत होते. गावात नुसतं 'सर' म्हटलं की तेच. शाळेत दुसरेही सर होते, पण त्यांना विषय जोडावा लागायचा. पाठ्यपुस्तकात त्या टेकडीवरच्या वेढ्याला दीड ओळ होती आणि सर तो वेढा अख्खा तास चालवायचे. वर्ग इतका गुंगून जायचा की तहानलेल्या तटाचं वर्णन ऐकून पोरं पाणी प्यायला सुट्टी मागायची. आई गेली त्याला आता चौदा महिने झाले होते आणि तेव्हापासून बाबा त्यांच्या खोलीत खिडकीजवळच्या खुर्चीत बसून असायचे. बोलायला तीन शब्द ठेवले होते: हो, नको, बघू. निरीक्षकांना मोजायची खोड. एका रविवारी त्यांनी सकाळपासून मोजलं, तर दिवसभरात अकरा शब्द भरले, त्यात नऊ 'नको'. डॉक्टरांनी कान तपासले, घसा तपासला, दोन्ही ठणठणीत निघाले. "त्यांना बोलावंसं वाटेल असं काहीतरी समोर ठेवा," ते म्हणाले, आणि औषध काही दिलं नाही.

निरीक्षकांनी वेढा समोर ठेवायचं ठरवलं. बाबांनी कार्यक्रमाला यावं, पहिल्या रांगेत बसावं आणि संपल्यावर नुसतं "ठीक आहे" म्हणावं, एवढीच त्यांची इच्छा होती. कार्यक्रमाला येता का, असं विचारल्यावर बाबा म्हणाले, "बघू."

गावात हौशी लोकांचा एकोणीस जणांचा वाद्यवृंद होता आणि त्याचे संचालक होते दातांचे डॉक्टर. समोरचा माणूस तोंड उघडून बसलेला असतानाच संगीतावर बोलायची त्यांना सवय होती, त्यामुळे आपल्या मताला कधी विरोध होतो हे त्यांना ठाऊकच नव्हतं. निरीक्षक दाढ दाखवायला गेले तेव्हा डॉक्टरांनी एका हाताने रचनेची पानं चाळली.

"वेढा छान जमलाय. पण रणशिंग कुठंय?"

निरीक्षकांच्या तोंडात आरसा होता. त्यांनी बोटाने बाराव्या पानावरचा ट्रॉम्बोन दाखवला. ट्रॉम्बोन गावचे पोस्टमन वाजवायचे.

"छे. ट्रॉम्बोन आजचा वाटतो. ऐकणाऱ्याला अडीच हजार वर्षं जाणवली पाहिजेत. थुंका."

निरीक्षक थुंकले आणि रणशिंगाच्या मागे लागले.

बाबांच्या कपाटातल्या एका जाड पुस्तकात त्या शहराच्या एका शिल्पाचं चित्र होतं. तटावर उभा असलेला एक माणूस स्वतःपेक्षा कितीतरी लांब, सरळसोट कर्णा वाजवतोय, असं. निरीक्षकांनी पट्टी लावली. माणसाची उंची साधारण पाच फूट आठ इंच धरली तर कर्णा सव्वाचौदा फुटांचा येत होता. दुसरा कोणी असता तर त्याने बारा धरले असते आणि पुढचा निम्मा ताप वाचला असता. पण ज्याने आयुष्यभर दुकानदारांना पाच ग्रॅमसाठी नोटिसा दिल्या, त्याने सव्वादोन फूट कसे सोडावेत?

एवढी लांब तांब्याची नळी जोडू शकणारा माणूस गावात एकच होता, तो म्हणजे प्लंबर. कामाला चोख, आणि त्याच्या दोन गोष्टी कधी चुकत नसत. एक म्हणजे पाण्याची चाचणी घेतल्याशिवाय तो कुठलीही नळी गिऱ्हाइकाच्या हवाली करायचा नाही. दुसरी म्हणजे काम संपवून निघताना तो दिसेल तो कॉक बंद करून जायचा. त्यापायी गावातल्या कितीतरी लोकांनी अंगाला साबण लावून झाल्यावर त्याला फोन केलेले होते. हाही सरांचाच विद्यार्थी. सरांच्या वेढ्यासाठी नळी लागते हे कळल्यावर त्याने हातातलं काम तिथेच टाकलं.

तुकडे जिन्यावरून सहज वर आले. निरीक्षक तिसऱ्या मजल्यावर राहत. अख्ख्या घरात सव्वाचौदा फूट सलग अशी एकच रेघ निघत होती, स्वयंपाकघराच्या ओट्यापासून बोळातून थेट बाबांच्या खोलीपर्यंत. कर्ण्याचं मोठं तोंड जुन्या गीझरच्या टाकीतून कापून काढलं होतं. ते बाबांच्या खुर्चीशेजारी येत होतं. "चालेल ना, बाबा?" असं निरीक्षकांनी विचारलं. बाबा "हो" म्हणाले. मग दोन दिवस डाग देऊन तुकडे जोडण्याचं काम चाललं. घरातली माणसं नळी ओलांडून ये-जा करायला शिकली आणि बायको म्हणाली की पाय उचलण्याचा एवढा व्यायाम तिला लग्नानंतर पहिल्यांदाच होतोय.

तिसऱ्या दिवशी प्लंबरने नळीला बूच मारून तिच्यात पाणी भरलं आणि दोन तास तो स्टुलावर बसून राहिला.

"थेंब नाही," तो म्हणाला. "वीस वर्षं बघायला नको."

"अरे, पण यातून हवा जायचीय. पाणी नाही."

"साहेब, हवा दिसत नाही. गळली तर कळणार कसं? पाणी निदान खोटं बोलत नाही."

आयुष्यभर निरीक्षकांचंही म्हणणं साधारण हेच होतं.

पोस्टमन आले. ओट्याशी उभे राहून त्यांनी छाती भरून फुंकर मारली. पहिल्यांदा नळीतलं उरलेलं वाटीभर पाणी बाबांच्या चपलांवर पडलं. दुसऱ्यांदा जो आवाज निघाला त्याने फडताळातले कप किणकिणले, दारावरची बेल आपोआप वाजल्यासारखी वाटली, आणि ती खरोखरच वाजत होती, कारण तळमजल्यावरचे मेजर तीन मजले चढून आले होते. मेजर निवृत्तीनंतर इमारतीचे सेक्रेटरी झाले होते. लष्करात त्यांनी बावीस वर्षं रसदखात्यात काढली होती, म्हणजे ते मुख्यतः बटाट्यांवर होते. पण युद्धाचा विषय निघाला की इमारतीत शेवटचा शब्द त्यांचाच असे.

"वेढा म्हणजे काय आवाज असतो का, निरीक्षक?" मेजर म्हणाले. "वेढा म्हणजे वाट बघणं. आज बटाटे येतील, उद्या येतील. आणि येत नाहीत. तुमच्या संगीतात वाट बघणं कुठंय?"

"चौथ्या पानावर आहे. चेलो वाट बघतात."

"किती वेळ?"

"दीड मिनिट."

मेजर नुसते हसले. त्या हसण्याने निरीक्षक फार दुखावले. चौथ्या पानावर त्यांनी तीन आठवडे घालवले होते.

एवढ्यात बोळाच्या टोकाला बाबा येऊन उभे राहिले. पायांत ओल्या चपला होत्या.

"हे काय चाललंय?"

तीन शब्द, निरीक्षकांनी मनात नोंद केली, आणि घाईघाईने सांगायला लागले. हा आपला टेकडीवरचा वेढा, बाबा, आणि हे त्याचं रणशिंग. शत्रू आला की पहिल्याच पानावर वाजतं. मग मधे चाळीस वेळा, आणि शेवटी हल्ला होतो तेव्हा सगळ्यांच्या वर. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि शाळेत वही परत करताना म्हणायचे त्या सुरात म्हणाले, "चुकलंय."

"काय चुकलं?"

"सगळं. हे रणशिंग नव्हेच. हा दरवाजाचा कर्णा. रोज संध्याकाळी वेस लावायच्या आधी वाजवायचे. शेतात असाल, रानात असाल, आता घरी या, एवढाच त्याचा अर्थ. वेढा पडला, दरवाजा बंद झाला. मग कोणाला बोलावणार? सात महिने कर्णा वाजला नाही. शत्रू कंटाळून निघून गेला त्या संध्याकाळी वाजला. एकदाच. डोंगरात लपलेली माणसं तो ऐकून घरी आली. मी दर वर्षी वर्गाला विचारायचो. सात महिने कर्णा का वाजला नाही? आणि वाजला, म्हणजे काय झालं? सगळा वर्ग उत्तर द्यायचा. तुला कसं माहीत नाही?"

प्लंबर मान खाली घालून पाना पुसायला लागला. त्याला माहीत होतं. पोस्टमननाही माहीत होतं. घरात उत्तर माहीत नसलेला विद्यार्थी एकच होता, आणि तो सरांचा मुलगा होता.

"बाबा, मी घंटा द्यायला जायचो," निरीक्षक म्हणाले.

ते खरं होतं. लहानपणापासून वेळेचे इतके पक्के की शाळेची घंटा मुख्याध्यापकांनी त्यांच्याकडे सोपवली होती. प्रत्येक तासाला पाच मिनिटं आधी उठून ते व्हरांड्यात घड्याळाखाली जाऊन उभे राहत. गणिताचं त्यामुळे काही बिघडलं नाही, कारण गणिताचे मास्तर शेवटची पाच मिनिटं गृहपाठ द्यायचे. पण बाबांच्या तासाला जे काही घडायचं ते शेवटच्या पाच मिनिटांतच घडायचं. निरीक्षकांना इतिहासातलं प्रत्येक युद्ध कसं सुरू झालं हे पाठ होतं. त्यातलं एकही संपल्याचं त्यांनी ऐकलेलं नव्हतं.

बाबा "बघू" म्हणाले आणि खोलीत निघून गेले. पण ते जवळजवळ ऐंशी शब्द बोलले होते आणि निरीक्षकांनी त्याच संध्याकाळी रचना फाडली.

नव्या रचनेत कर्णा एकवीस मिनिटं गप्प होता आणि बाविसाव्या मिनिटाला त्याचा एकच लांब सूर होता. पोस्टमन नाराज झाले. एकवीस मिनिटं माणसांसमोर नुसतं बसून राहायचं म्हणजे हातांचं काय करायचं, हा त्यांचा प्रश्न होता. चेलोंची वाट बघणं दीड मिनिटावरून चारवर गेलं. त्याचं श्रेय मेजरांनी स्वतःकडे घेतलं आणि निरीक्षकांनी ते घेऊ दिलं.

आता राहिलं सभागृह. त्याच्या अर्जावर 'कार्यक्रमाचा विषय' अशी रेघ होती, आणि निरीक्षक सरळ माणूस, त्यांनी 'युद्ध' लिहिलं. सभागृहाच्या क्लार्कने चष्मा वर केला.

"मंचावर शस्त्रं?"

"नाहीत."

"आग? प्राणी?"

"नाहीत. म्हणजे घोडे आहेत, पण ते संगीतात आहेत."

"म्हणजे आहेत." क्लार्कने लिहून घेतलं. "पशुवैद्यकीय दाखला जोडा. आणि युद्ध कोणाकोणात?"

निरीक्षकांनी सांगितलं.

"मग दोन्ही बाजूंचं हरकत नसल्याचं पत्र लागेल. उद्या कोणाच्या भावना दुखावल्या तर आम्हाला विचारतात."

"अहो, अडीच हजार वर्षं झाली."

"मग वारसांचं आणा."

निरीक्षक उभ्या उभ्या लाल झाले. पण ओरडायला तोंड कुठे होतं? गेल्याच आठवड्यात त्यांनी एका बाईचा शिलाईचा टेप दोन मिलिमीटरने लांबला म्हणून जप्त केला होता. ते गुमान घरी आले. बायकोने अर्ज आडवा-उभा वाचला आणि 'युद्ध' खोडून तिथे 'शैक्षणिक' असं लिहिलं. शैक्षणिक कार्यक्रमाला कसलाच दाखला लागत नव्हता. क्लार्कने शिक्का मारला तेव्हा निरीक्षकांना आनंद झाला आणि थोडा अपमानही वाटला.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी कर्णा खाली न्यायचा होता. तुकड्यांनी वर आलेली वस्तू सलग झाल्यावर खाली कशी जाणार, हा विचार इमारतीत कोणाच्याही मनात आला नव्हता. तो दुसऱ्या मजल्याच्या वळणावर सगळ्यांना एकदमच सुचला, कारण तिथे कर्णा अडकला. एक टोक कठड्यात आणि दुसरं टोक छताला. मेजरांनी सूत्रं हाती घेतली. "उजवीकडून उचला. थोडं मागे. आता पुढे," अशा त्यांच्या हुकुमांनी कर्णा होता त्याहून घट्ट बसला. वरचे लोक वर राहिले, खालचे खाली. कोणी म्हणालं तेल लावा, कोणी म्हणालं कठडा कापा. कोणी म्हणालं गच्चीतून दोरीने सोडायला हवा होता, आणि ते म्हणणारा माणूस कर्णा वर चढवताना जिन्यातच उभा होता. दीड तासाने दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी कर्ण्यावर दोन टॉवेल वाळत घातले. तेव्हा आपल्या कलाजीवनाचं काय झालं हे निरीक्षकांना स्पष्ट दिसलं.

प्लंबर आला, त्याने टॉवेल घडी करून वहिनींना परत दिले आणि करवत काढली. निरीक्षकांनी डोळे मिटले.

"घाबरू नका, साहेब. तिथल्या तिथे दोन तुकडे करतो. मधे फिरकीचा जोड टाकतो. मंचावर नेऊन पिळला की झालं."

संध्याकाळपर्यंत जोड तयार झाला. त्याच्या शेजारी लाल दांडीचा एक कॉकही होता.

"हा कशाला?"

"जोड टाकला की कॉक टाकावाच लागतो. उद्या काही झालं तर बंद कुठून करणार?"

"कर्ण्याला काय होणार आहे?"

"तसं सगळेच म्हणतात," प्लंबर म्हणाला. निरीक्षकांनी हात टेकले.

कार्यक्रम संध्याकाळी साडेसहाला होता. पाचला निरीक्षक तयार होऊन बाबांच्या दाराशी गेले. बाबा खिडकीकडे तोंड करून बसले होते.

"येता ना, बाबा?"

"नको."

निरीक्षकांना वाटलं, आता कार्यक्रम झाला काय आणि न झाला काय. ते बोळात उभे राहून उगाच कफाची बटणं लावत, काढत राहिले. बायकोने त्यांना हाताला धरून बाजूला केलं आणि ती आत गेली. तिने सासऱ्यांना फक्त एवढंच सांगितलं की यांनी शेवट बदललाय, पण बरोबर बदललाय की नाही हे तपासणारं घरात कोणी नाही. दहा मिनिटांनी बाबा बाहेर आले. अंगात शाळेतला राखाडी कोट होता आणि खिशाला लाल पेन.

"चला," ते म्हणाले. "उशिरा येणारं मला चालत नाही."

सभागृहात दीडशे माणसं होती. त्यांतली निम्मी आपण इथे का आलो हे एकमेकांना विचारत होती. पण सर पहिल्या रांगेत येऊन बसले तशी चांगली टक्कल पडलेली माणसंही पाठ ताठ करून बसली. मागच्या दाराशी क्लार्क हाताची घडी घालून उभा होता. मंचावर दोन स्टुलांवर कर्णा आडवा ठेवलेला, त्याच्याशी पोस्टमन. प्लंबर धुतलेला शर्ट घालून तिसऱ्या रांगेत बसला होता. दुपारी त्यानेच जोड पिळला होता, कर्णा पुसला होता आणि मग जेवायला घरी गेला होता.

डॉक्टरांनी काठी उचलली. सुरुवातीला लोक जरा बावचळले. मेजर शेजाऱ्याला म्हणाले, "सुरू झालंय, की अजून जुळवताहेत?" पण मग ढोल हळूहळू टेकडी चढायला लागले, लाकडी वाट्यांवर घोडे दौडले, आणि चेलो वाट बघायला बसले. चार मिनिटं. त्या चार मिनिटांत सभागृहात कोणी खोकलं नाही. मेजर खाली वाकून स्वतःच्या बुटांकडे बघत होते. त्यांना बहुतेक बटाटे आठवत होते, आणि ते ज्यांच्यापर्यंत वेळेत पोचले नव्हते ती माणसंही. निरीक्षक पडद्याआडून फक्त बाबांकडे बघत होते. बाबा स्थिर बसले होते. खिशातलं लाल पेन त्यांच्या हातात आलं होतं.

एकविसावं मिनिट संपलं. व्हायोलिनं थांबली, ढोल थांबले. डॉक्टरांनी पोस्टमनना खूण केली. पोस्टमननी छाती भरून घेतली आणि फुंकर मारली.

काही झालं नाही.

त्यांनी पुन्हा फुंकर मारली. मान फुगली, कान लाल झाले, डोळे बाहेर आले. कर्ण्यातून फुस्स असासुद्धा आवाज निघाला नाही. डॉक्टरांची काठी वरच्या वर राहिली. निरीक्षकांनी मनात हिशेब मांडला. सहा महिने, फाडलेली रचना, कापलेला कर्णा, आणि बाबांना घराबाहेर काढून आणलं ते हे दाखवायला. पाच सेकंद गेले, दहा गेले, मागे कोणीतरी दबक्या आवाजात हसलं.

तेव्हा पहिल्या रांगेत बाबा उभे राहिले आणि वळून सभागृहाकडे तोंड केलं. त्यांना काही बिघडलंय असं वाटलेलंच नव्हतं. चौतीस वर्षं त्यांनी गोष्टीच्या या जागी वर्गाला गप्प होऊ दिलं होतं.

"सात महिने कर्णा वाजला नाही," सर म्हणाले. आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा. "का?"

मग मागच्या दाराशी हाताची घडी सुटली आणि क्लार्कचा आवाज आला, "दरवाजा बंद होता, सर."

तिसऱ्या रांगेत प्लंबर ताडकन उठला. बंद, हे त्याच्या डोक्यात शिरलं होतं. दुपारी निघताना आपण काय केलं ते त्याला स्वच्छ आठवलं. माणसांचे गुडघे ओलांडत, "सरका, सरका" म्हणत तो मंचावर चढला.

"आणि वाजला," सरांनी बोट वर केलं, "म्हणजे काय झालं?"

आता अर्धं सभागृह एका सुरात म्हणालं, "दरवाजा उघडला, सर." आणि प्लंबरने लाल दांडी फिरवली.

पोस्टमन बिचारे अजून फुंकतच होते. कर्णा वाजला. सूर काही सुंदर नव्हता. जाडा, खरखरीत, मधे थोडा चिरकलेला. पण तो लांबवर गेला, खूप वेळ राहिला, आणि तो असताना कोणालाही जागचं हलावंसं वाटलं नाही. पडद्याआड निरीक्षक रडले. ते त्यांनी नंतर नाकारलं, पण बायकोने रुमाल दिला होता आणि तो ओला परत आला होता, एवढा नमुना तिला पुरेसा होता.

टाळ्या वाजत राहिल्या. डॉक्टरांनी सर्वांना सांगितलं की शांततेची ती जागा रचनेतली सर्वांत धाडसी जागा आहे. पुढच्या प्रयोगालाही कॉक बंद ठेवूनच सुरुवात करायची, असं त्यांनी ठरवून टाकलं. क्लार्क निरीक्षकांजवळ येऊन म्हणाला, "शैक्षणिक लिहिलं होतं ते बरोबर होतं म्हणायचं," आणि त्याने हात पुढे केला. मेजर सरांना नमस्कार करून निघून गेले.

घरी परतताना बाबा बोलत होते. पहिल्या चौकापर्यंत निरीक्षकांनी शब्द मोजले, दोनशेच्या पुढे गेल्यावर नाद सोडला. आई वेढ्याच्या तासाला कधीकधी शाळेच्या खिडकीबाहेर येऊन उभी राहायची, फक्त तो शेवट ऐकायला, हे बाबांनी सांगितलं. तेही निरीक्षकांना माहीत नव्हतं. तेव्हाही ते घंटेपाशी होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी नव्हतं. कर्ण्याचे तुकडे पोचवून निघताना प्लंबरने इमारतीचा मुख्य कॉक बंद केला होता. निरीक्षक अर्धी दाढी झालेल्या अवस्थेत फोन शोधत बाहेर आले, तर जेवणाच्या टेबलाशी बाबा बसलेले. समोर इतिहासाची जुनी पाठ्यपुस्तकं इयत्तेप्रमाणे लावून ठेवलेली, हातात लाल पेन.

"बाबा, पाणी गेलंय. जरा बघून येतो."

"येईल पाणी. तू बस," बाबा म्हणाले. त्यांनी पहिलं पुस्तक उघडलं आणि चष्मा नीट केला. "इयत्ता पाचवी, धडा पहिला. शेवटची पाच मिनिटं."

निरीक्षक तोंडावर फेस तसाच ठेवून समोरच्या खुर्चीत बसले.